योगाचार्य वैद्यराज तिरुमलाई कृष्णमाचार्य

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा रिवाज आहे. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आणि महाराष्ट्रीयही नव्हते. तथापि आज आपल्या घराघरांत आजीपासून नातवापर्यंत जी आसने घातली जातात, त्यांतील पुष्कळशी ज्या एका माणसाच्या हाताखालून आली त्याची ओळख आपल्या कुटुंबांस असू नये, हे आम्हांस बरे वाटत नाही. पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे नाव कोणास ठाऊक नाही? परंतु त्यांचे गुरू कोण, असे विचारल्यास दहांतले नऊजण गप्प बसतात.

तिरुमलाई कृष्णमाचार्य यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८८ रोजी म्हैसूर संस्थानातील चित्रदुर्ग जिल्ह्यात मुचुकुंदपूर या खेड्यात झाला. घराणे श्रीवैष्णव अय्यंगार ब्राह्मणांचे. वडील श्रीनिवास ताताचार्य हे वेदविद्येत निपुण असून मुलाचे पहिले पाठ त्यांच्याचपाशी झाले. सहा भावंडांत कृष्णमाचार्य वडील. ते दहा वर्षांचे असताना पित्याचे छत्र हरपले आणि कुटुंब म्हैसुरास आले. तेथील परकाल मठाच्या पीठावर त्यांचे पणजोबा होते. हा मठ म्हैसूरच्या राजघराण्याचा गुरुमठ. अशा ठिकाणी वाढलेल्या हुशार मुलाचा पुढचा मार्ग सरळ होता : शास्त्रे पढावी, मठात मान मिळवावा आणि योग्य वेळी पीठावर बसावे.

तो मार्ग त्यांनी धरला नाही. वयाच्या अठराव्या वर्षी ते काशीस गेले, मध्यंतरी म्हैसुरास परत आले आणि १९१४ साली पुन्हा काशीस जाऊन राहिले. व्याकरण, न्याय, मीमांसा, सांख्य, वेदांत असा एकेका शास्त्राचा फडशा पाडीत ते चालले होते. घरून पैसा येण्याची सोय नव्हती. विद्यार्थ्याने मोजक्या सात घरी भिक्षा मागावी, असा नियम धरून मिळालेल्या पिठाच्या भाकऱ्या भाजून ते दिवस काढीत, असे त्यांच्या घरची मंडळी सांगत. आपल्याकडे वार लावून व माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्यांस हे चित्र अनोळखी नाही. शास्त्रांबरोबर त्यांनी आयुर्वेदही घेतला, आणि त्यासाठी बंगालपर्यंत गेले. नाडीपरीक्षा, पथ्यापथ्य, वनस्पतींचे गुण व औषधे तयार करण्याची कृती ही सर्व विद्या त्यांनी हस्तगत केली. योगाचार्य म्हणून त्यांचे नाव पुढे गाजले त्यामुळे त्यांचे वैद्यपण मागे पडले, परंतु आमच्या मते त्यांच्या सर्व कार्याची किल्ली त्या वैद्यपणातच आहे.

यानंतर येते ती मानससरोवराची हकीकत. हिमालयापलीकडे राममोहन ब्रह्मचारी नामक गुरूंपाशी आपण सुमारे साडेसात वर्षे राहिलो व तेथे योगाचे रहस्य शिकलो, असे कृष्णमाचार्य स्वतः सांगत. अलीकडील अभ्यासकांस या वर्षांचा मेळ त्यांच्या इतर शिक्षणाच्या वर्षांशी नीट बसविता आलेला नाही, आणि या गुरूंविषयी दुसरीकडून काही पुरावा मिळत नाही. वाचकांनी ही हकीकत चरित्रनायकाच्याच शब्दावर घ्यावयाची आहे. मात्र तिचा शेवट फार अर्थपूर्ण आहे. गुरुदक्षिणा म्हणून गुरूंनी मागितले ते असे की, शिष्याने घरी जावे, विवाह करावा, मुले वाढवावी आणि गृहस्थ राहून योग शिकवावा. ही दक्षिणा त्यांनी जन्मभर फेडली. परकाल मठाचे आधिपत्य त्यांच्याकडे चालून आले असता त्यांनी ते नाकारले, आणि तेही एकदा नव्हे असे म्हणतात.

या निवडीचे मोल त्यांस रोखीने द्यावे लागले. १९२५ साली नामगिरिअम्मा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. योग शिकवून पोट भरावे, तर त्या काळी योग म्हणजे बैराग्यांचा विषय. सुशिक्षित लोक त्यास नाक मुरडीत. तेव्हा षट्शास्त्रे पढलेल्या या पंडिताने हसन जिल्ह्यातील एका कॉफीच्या मळ्यावर मुकादमी पत्करली. अर्धी विजार, अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायांत मोजे व बूट, डोक्यावर टोपी आणि हातात काठी, अशा वेषात ते मजुरांवर देखरेख करीत आणि सुटीच्या दिवशी शास्त्रांवर व्याख्याने देत. चूल पेटविण्यासाठी केलेले कोणतेही काम हलके नसते, असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांस त्यांच्या पुढील वैभवापेक्षा हा मुकादमच अधिक जवळचा वाटतो.

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार हे गुणग्राही राजे. त्यांचे लक्ष या विद्वानाकडे गेले. १९३१ साली संस्कृत महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळाली, आणि १९३३ साली जगन्मोहन राजवाड्याच्या एका भागात योगशाळा सुरू झाली. राजघराण्यातील व संस्कृत पाठशाळेतील मुले तेथे शिकत. मुले अंगाने लवचिक, उत्साही आणि संख्येने पुष्कळ; म्हणून एका आसनातून दुसऱ्यात श्वासाच्या तालावर उडी घेत जाण्याची जोमदार पद्धत तेथे रूढ झाली. तालमीतले व कसरतीचे काही प्रकारही तीत मिसळले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. १९३४ साली त्यांचा ‘योगमकरंद’ हा कन्नड ग्रंथ प्रसिद्ध झाला. महाराजांच्या आश्रयाने गावोगाव प्रयोग होत. कठीण आसने, दातांनी जड वस्तू उचलणे, चालती मोटार अडविणे, नाडी थांबविणे असे चमत्कार पाहण्यास लोक गर्दी करीत.

नाडीच्या प्रकारासंबंधी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्यावर अजूनही भाबडेपणाने बोलले जाते. १९३५ च्या सुमारास डॉ. तेरेझ ब्रॉस या फ्रेंच विदुषीने यंत्र लावून त्यांच्या हृदयाची नोंद घेतली व हृदय जवळजवळ थांबल्याचा गवगवा झाला. पुढे वेंगर, बागची व आनंद या शास्त्रज्ञांनी कृष्णमाचार्य व आणखी काही योगाभ्यासी यांची पुन्हा तपासणी करून १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून व छाती-पोटाचे स्नायू आवळून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे नाडी हातास लागत नाही आणि ठोके ऐकू येत नाहीत. हृदय मात्र चालूच असते, असे त्यांत ठरले. आम्हांस यात चरित्रनायकाचा कमीपणा दिसत नाही. स्नायूंवर व श्वासावर एवढी सत्ता मिळविणे हीच सामान्य गोष्ट नव्हे, आणि पुढे त्यांनी लोकांचे जे खरे कल्याण केले त्याचा या प्रयोगाशी काडीचा संबंध नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. म्हैसुरातील कृष्णमाचार्य हे अतिशय कडक, किंबहुना उग्र गुरू होते. नामगिरिअम्मांचे धाकटे बंधू बी. के. एस. अय्यंगार १९३४ साली बहिणीच्या घरी आले ते हाडांचा सापळा होऊन; जन्मापासून दुखणी त्यांच्या मागे लागलेली. या पोराच्याने काही होणार नाही, अशी मेहुण्यांची समजूत होती. एक शिष्य अचानक निघून गेला आणि प्रयोग तर तोंडावर आला, तेव्हा त्यांनी या मुलास उभे केले आणि थोड्या दिवसांत अवघड आसने करवून घेतली. हनुमानासन जबरीने घातल्यामुळे मांडीची शीर तुटल्याचे अय्यंगारांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. आम्ही आयुष्य शाळेत घालविले. छडीचे युग पाहिले आणि ते जातानाही पाहिले. भीतीने शिकलेली विद्या टिकते, असे म्हणणारे आजही भेटतात. अय्यंगारांची विद्या टिकली हे खरे, परंतु ती भीतीमुळे टिकली की, आपल्या दुखऱ्या शरीराकडे वर्षानुवर्षे बारकाईने पाहिल्यामुळे, याचा विचार सुज्ञांनी करावा. १९३७ साली, थोडे इंग्रजी येते म्हणून, त्यांना सहा महिन्यांसाठी पुण्यास डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास धाडण्यात आले. ते पुणेकरच झाले आणि २०१४ साली पुण्यातच वारले. दोर, ठोकळे, खुर्ची यांच्या साहाय्याने दुबळ्या माणसासही आसन साधावे, ही युक्ती त्याच मुलाने काढली.

पट्टाभी जोईस हे दुसरे शिष्य; त्यांनी ती जोमदार पद्धत म्हैसुरात पुढे चालविली. तिसरी शिष्या इंद्रादेवी. ही रीगा शहरी जन्मलेली युरोपीय बाई, मुंबईतील एका चेक वकिलातीच्या अधिकाऱ्याची पत्नी. परदेशी आणि त्यातून स्त्री, म्हणून आचार्यांनी तिला प्रथम साफ नकार दिला. महाराजांनी भीड घातल्यावर तिला घेतले, परंतु आहार, वेळ व आचार यांचे नियम एवढे कडक घातले की, ती कंटाळून निघून जावी. ती गेली नाही. तेव्हा नकार देणाऱ्या गुरूंनीच शेवटी तिला, आता तू शिकवावेस, अशी आज्ञा केली. तिने आधी चीनमध्ये व नंतर अमेरिकेत योगाचे वर्ग चालविले. कृष्णमाचार्यांनी स्वतः समुद्र कधी ओलांडला नाही.

१९४० साली महाराज वारले. स्वातंत्र्यानंतर संस्थानी आश्रय संपला आणि १९५० साली योगशाळा बंद करण्यात आली. त्या वेळी आचार्यांचे वय बासष्ट. पदरी सहा मुले. ज्या वयात आम्हां मंडळींना निवृत्तिवेतन मिळून आरामखुर्ची मिळते त्या वयात हा माणूस पुन्हा रिकाम्या हातांनी उभा राहिला. १९५२ साली मद्रासेस एका नामांकित कायदेपंडितास पक्षाघाताचा झटका आला असता उपचारासाठी त्यांस बोलावणे आले. ते तेथेच स्थायिक झाले, विवेकानंद महाविद्यालयात वर्ग घेऊ लागले आणि घरी रोगी पाहू लागले.

येथून आपणांस जणू दुसराच मनुष्य दिसतो. समोर आता राजवाड्यातील उड्या मारणारी मुले नव्हती. दमेकरी होते, मधुमेही होते, गरोदर स्त्रिया होत्या, झोप न येणारे होते. आचार्य नाडी पाहत, श्वास पाहत, काय खाता, केव्हा निजता हे विचारीत आणि मग प्रत्येकास वेगळा अभ्यास देत; कोणास केवळ हात वर नेऊन श्वास घेणे एवढेच, कोणास प्राणायाम, कोणास काढा किंवा चूर्ण आणि पथ्य. वैद्य जसा सर्व रोग्यांस एकच मात्रा देत नाही, तसे सर्वांस एकच आसन देऊ नये. वय, शक्ती, व्यवसाय व प्रकृती पाहून योग माणसास बेतावा, माणूस योगास बेतू नये, हा त्यांचा सिद्धांत. बंगालमध्ये शिकलेली विद्या साठीनंतर अशी कामी आली. ज्यांनी एकेकाळी स्त्रीस दारातून परत लावले होते त्यांनी उतारवयात स्त्रियांस वेदपठणही शिकविले. स्वधर्माचे सर्व आचार पाळणारा हा वृद्ध वैष्णव तेथवर आला, हे लहानसहान अंतर नव्हे.

त्यांचे चिरंजीव देशिकाचार हे इंजिनियर. बापाच्या विद्येकडे त्यांचे फारसे लक्ष नव्हते. एके दिवशी घरासमोर मोटार थांबली आणि एका परदेशी बाईने धावत येऊन उघड्या अंगाच्या, कपाळी वैष्णव टिळा लावलेल्या वृद्धास सर्वांदेखत मिठी मारली! मुलगा थक्क झाला. चौकशी करता कळले की, बाईस बरीच वर्षे झोप लागत नव्हती, आणि त्या रात्री औषधावाचून ती शांत निजली होती. मुलाने इंजिनियरी सोडून वडिलांपाशी शिकण्याचे ठरविले. १९७६ साली देशिकाचारांनी मद्रासेस ‘कृष्णमाचार्य योगमंदिरम्’ ही संस्था काढली. देशिकाचार २०१६ साली निवर्तले.

शहाण्णवाव्या वर्षी पडल्याने आचार्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून घेण्यास त्यांनी नकार दिला आणि अंथरुणात पडल्या पडल्या करता येईल असा अभ्यास स्वतःच स्वतःस बेतून दिला. १९८८ साली त्यांची शताब्दी साजरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९८९ रोजी मद्रास येथे त्यांचे देहावसान झाले.