हजरत रुफैदा : मस्जिदीतील परिचारिका

मुलीने नर्सिंगला जाण्याचा विषय काढला की आपल्या घरांत अजूनही कुजबुज सुरू होते. रात्रपाळी, परक्यांचा सहवास, आणि लोक काय म्हणतील? पालकहो, नकार देण्यापूर्वी मदिनेतील एका थोर स्त्रीचे चरित्र ध्यानात घ्या.

हजरत रुफैदा (र.) या अस्लम कबिल्यातील होत. त्यांचे वडील वैद्यकी करीत. जखम धुणे, रक्त थांबविणे, पट्टी बांधणे ही विद्या त्या वडिलांच्याच हाताखाली शिकल्या, असे सांगितले जाते. आपली विद्या लेकीच्या हाती देण्यात त्या पित्याला कमीपणा वाटला नाही.

हिजरी सन 5, म्हणजे इसवी सन 627 मध्ये खंदकाची लढाई झाली. अन्सारांचे सरदार हजरत साद बिन मुआज (र.) यांच्या हाताच्या शिरेत बाण लागला. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवण्यास सांगितले. हा तंबू कोठे होता? मस्जिदीत! जेथे नमाज होई, तेथेच रुग्णाची शुश्रूषाही होई. पैगंबरसाहेब सकाळ-संध्याकाळ सादांची विचारपूस करीत. पुढे जखम पुन्हा फुटली व साद (र.) अल्लाहला प्यारे झाले. आयुष्य देणे माणसाच्या हाती नाही; पण शेवटपर्यंत सेवा करणे आहे, आणि ती रुफैदांनी केली.

ज्यांना पाहणारे कोणी नव्हते अशांची खिदमत त्या केवळ अल्लाहकडील मोबदल्याच्या आशेने करीत. इतर स्त्रियांनाही त्यांनी हे काम शिकविले, असे चरित्रकार सांगतात.

विद्यार्थिनींनो, आज बारावीनंतर जी.एन.एम.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. तेथे हात धुण्याचा पहिला धडा मिळेल, तेव्हा तहारत आठवा. रुग्णाच्या अंगावर चादर ओढाल, तेव्हा हया आठवा. त्याचे गुपित ही अमानत समजा. रुग्णाची जात वा धर्म विचारू नका. वेदनेला धर्म नसतो. असे केल्यास दीन आणि अभ्यासक्रम या दोन वाटा राहणार नाहीत.

आणि पालकहो, लोक काय म्हणतील या प्रश्नाचे उत्तर मस्जिदीतील त्या तंबूने चौदाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. आपल्या लेकींना त्या वाटेने जाण्याची हिंमत अल्लाह देवो. आमीन.