लक्ष्मीबाई केळकर

लक्ष्मीबाईंचा जन्म १९०५ साली नागपूर येथे दाते यांच्या घराण्यात झाला. माहेरी त्यांचे नाव कमल होते. वर्ध्याचे वकील पुरुषोत्तमराव केळकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३२ मध्ये पती निवर्तले आणि मुलाबाळांचा भार ऐन तारुण्यात त्यांच्यावर पडला.

त्या काळी एकटी स्त्री घराबाहेर पडली, की वडीलधाऱ्यांस तिची काळजी वाटे. तिला घरातच ठेवावे, हाच उपाय बहुतेकांस ठाऊक होता. तिने आत्मसंरक्षण शिकावे, असे लक्ष्मीबाईंना वाटू लागले. त्यांची मुले राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत जात. तेथील शिस्त व शारीरिक शिक्षण मुलींनाही मिळावे, या हेतूने त्या संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांना भेटल्या. पुढे १९३६ च्या विजयादशमीस त्यांनी वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली.

समितीत मुली लाठी शिकू लागल्या. नवशिक्यास ही विद्या सोयीची असते. काठी अल्प मोलात मिळते, आणि तिच्या लांबीमुळे हल्लेखोर दूर राहतो. म्हणून अंगबळ थोडे असले तरी निभावते. मात्र प्रथम पाय स्थिर ठेवावयास व नजर न ढळू देण्यास शिकावे लागते. त्यानंतरच वार अडविता येतो.

लक्ष्मीबाई स्वतःही संसारी वयात सायकल चालविण्यास व पोहण्यास शिकल्या. सर्वजण त्यांना आदराने मावशी म्हणत. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. नित्य अभ्यासाने भित्र्या मनासही धैर्य येते, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.