कार्ल बेडेकर

हा लेख जर्मन प्रकाशक कार्ल बेडेकर यांच्याविषयी आहे. बेडेकर या मराठी आडनावाशी या नावाचा संबंध नाही. साम्य केवळ उच्चाराचे आहे.

कार्ल बेडेकर (३ नोव्हेंबर १८०१, एसेन – ४ ऑक्टोबर १८५९, कोब्लेंझ) हे जर्मन पुस्तकविक्रेते व प्रकाशक होते. त्यांनी काढलेल्या प्रवासमार्गदर्शिका एकोणिसाव्या शतकात इतक्या लोकप्रिय झाल्या की अनेक युरोपीय भाषांत त्यांचे आडनाव मार्गदर्शिकेचे सामान्यनाम बनले. प्रवासाचे पुस्तक लिहून संपत नाही, ते सतत नव्याने तपासावे लागते, या जाणिवेवर त्यांचा व्यवसाय उभा राहिला.

पूर्वायुष्य

बेडेकर यांचे घराणे मुद्रक व पुस्तकविक्रेत्यांचे होते. वडील गॉटशाल्क डीडरिख यांचा एसेन येथे हाच व्यवसाय होता. कार्ल यांनी हायडेलबर्ग येथे शिक्षण घेतले व तेथेच पुस्तकविक्रीचे प्राथमिक धडे गिरवले. पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग आंद्रेआस रायमर या नामांकित प्रकाशकाकडे त्यांनी काही काळ काम केले. १८२७ मध्ये त्यांनी ऱ्हाइन व मोझेल या नद्यांच्या संगमावरील कोब्लेंझ शहरात स्वतःची पुस्तकपेढी सुरू केली. स्थळ योग्य निघाले. त्याच सुमारास कोलोन ते माइंत्स अशी आगबोटींची नियमित वाहतूक सुरू झाली होती आणि ऱ्हाइनचे खोरे पाहण्यास येणाऱ्यांची, विशेषतः इंग्रज प्रवाशांची, संख्या वाढत होती.

जुने पुस्तक, नवी आवृत्ती

१८३२ मध्ये बेडेकर यांनी कोब्लेंझमधील फ्रांत्स फ्रीडरिख र्‍योलिंग यांची दिवाळखोरीत गेलेली प्रकाशनसंस्था विकत घेतली. तिच्याबरोबर माइंत्स ते कोलोन या ऱ्हाइनप्रवासाचे १८२८ साली निघालेले एक पुस्तकही त्यांच्याकडे आले. लेखक योहानेस आउगुस्ट क्लाइन हे कोब्लेंझमधील प्राध्यापक होते आणि संस्था विकली जाण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले होते. पुस्तकात काठावरील किल्ले, त्यांचा इतिहास व दंतकथा विस्ताराने होत्या. घाईने प्रवास करणाऱ्यांसाठी असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. मात्र कोठे उतरावे, गाडीला किती द्यावे, बोट केव्हा निघते, याबाबत ते फारसे उपयोगी नव्हते.

पुस्तक आहे तसे पुन्हा छापणे सर्वांत स्वस्त पडले असते आणि ते टाकून नवे लिहवून घेण्याचा मार्गही मोकळा होता. बेडेकर यांनी दोन्ही टाळले. १८३५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी क्लाइन यांचा इतिहासाचा भाग बहुतांशी राखला आणि प्रवासाच्या व्यवहाराची माहिती स्वतः जमवून घातली. १८३९ च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत पुस्तकाचे रूप पालटून ते त्यांचे स्वतःचे झाले होते. जुन्या मार्गदर्शिकेतील कोणता भाग टिकतो आणि कोणता शिळा होतो, याचा निवाडा या कामात झाला. चर्चची स्थापना किंवा किल्ल्याचा वेढा यांची हकिकत दहा वर्षांनीही तशीच राहते. भाडे, वेळापत्रक व खाणावळीची ख्याती एका हंगामातही बदलू शकते.

या काळात लंडनचे प्रकाशक जॉन मरे (तिसरे) यांची उत्तर युरोपावरील हस्तपुस्तिका १८३६ मध्ये निघाली होती. बेडेकर यांनी तिच्यापासून बरेच घेतले आणि ते ऋण उघडपणे मान्यही केले. १८३९ मध्ये त्यांनी बेल्जियम व हॉलंड, १८४२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियन साम्राज्य, १८४४ मध्ये स्वित्झर्लंड आणि १८५५ मध्ये पॅरिस यांवरील मार्गदर्शिका काढल्या. विशेष पाहण्याजोग्या स्थळांना तारांकित करण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिची कल्पना पूर्णतः त्यांची नव्हती: मरे यांच्या पुस्तकांत तारे होते, आणि त्याआधी मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने याच कामासाठी उद्गारचिन्हे वापरली होती.

कार्यपद्धती

प्रवाशाला भाड्याचे वाटाडे, गाडीवान व हॉटेलांचे नोकर यांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागू नये, हा बेडेकर यांचा हेतू होता. पुस्तकात चुकीचे भाडे छापले गेले, तर घासाघीस करणाऱ्या प्रवाशाच्या हातातील एकमेव आधारच निरुपयोगी ठरत असे. म्हणून ते जुन्याच मार्गांवरून स्वतः पुन्हा पुन्हा फिरत, आणि आपण कोण आहोत हे शक्यतो कळू देत नसत. मार्गदर्शिकांत जाहिराती घेतल्या जात नसत. शेरा विकत घेता येत नसल्यामुळे बेडेकर यांची पसंती लाभणे किंवा ती जाणे ही हॉटेलमालकांसाठी मोठी बाब ठरे. प्रस्तावनेत वाचकांना चुका कळवण्याची विनंती असे व आलेल्या दुरुस्त्या पुढील आवृत्तीत घेतल्या जात.

त्यांच्या काटेकोरपणाबद्दल मिलान कॅथेड्रलमधील एक प्रसंग सांगितला जातो. छताकडे जाणारा जिना चढताना ते दर वीस पायऱ्यांनी जाकिटाच्या खिशातील एक वाटाणा विजारीच्या खिशात टाकत. उतरताना त्यांनी हीच क्रिया उलट करून पायऱ्यांचा आकडा पडताळून पाहिला.

नव्या आवृत्त्यांची निकड त्या काळात प्रकर्षाने होती. जर्मनीतील पहिली रेल्वे न्युर्नबर्ग व फ्युर्ट यांदरम्यान १८३५ मध्ये, म्हणजे बेडेकर यांची पहिली सुधारित आवृत्ती निघाली त्याच वर्षी सुरू झाली. ऱ्हाइनच्या डाव्या काठाने कोलोन–बॉन मार्ग १८४४ मध्ये खुला झाला व १८५८ मध्ये रेल्वे कोब्लेंझला पोहोचली. स्वित्झर्लंडमधील बदल त्याहून मोठे होते. १८४४ ची मार्गदर्शिका निघाली तेव्हा कँटनांची नाणी वेगवेगळी होती. १८४७ मध्ये झुरिक–बाडेन रेल्वे धावू लागली, १८४८ मध्ये संघराज्याची घटना आली आणि १८५० च्या कायद्याने फ्रँक हे देशभर एकच चलन ठरले. पहिल्या आवृत्तीची प्रत घेऊन १८५० नंतर निघालेल्या प्रवाशाला शिखरे व खिंडी पुस्तकात होत्या तेथेच सापडत. खर्चाचा हिशेब मात्र त्याला नव्याने मांडावा लागे. नवी प्रत घेण्याचा खर्च अशा वेळी चुकीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडे. जेथे काहीच बदलले नव्हते तेथे तो अनावश्यकही असे. स्वित्झर्लंडच्या मार्गदर्शिकेच्या बेडेकर यांच्या हयातीतच अनेक आवृत्त्या निघाल्या.

मृत्यू व वारसा

अखंड प्रवास, लेखन व मुद्रिते तपासणे यांचा ताण बेडेकर यांच्या प्रकृतीवर पडला. वयाच्या ५७ व्या वर्षी कोब्लेंझ येथे त्यांचे निधन झाले. थोरले पुत्र एर्न्स्ट यांनी व्यवसाय हाती घेतला आणि १८६१ मध्ये ऱ्हाइनवरील पुस्तकाची पहिली इंग्रजी आवृत्ती निघाली. त्याच वर्षी तेही वारले. त्यानंतर कार्ल (धाकटे) व फ्रिट्झ या बंधूंनी कारभार पाहिला. १८७२ मध्ये संस्था लाइपझिगला हलली.

१९१४ मध्ये संस्थेने भारतावरील जर्मन मार्गदर्शिका आणि रशियावरील इंग्रजी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले व सेंट पीटर्झबर्गचे नाव पेट्रोग्राड झाले. प्रवासासाठी ही पुस्तके निघाल्याबरोबर जुनी झाली. इतिहासाचे अभ्यासक मात्र त्यांतील दर, मार्ग व हॉटेलांच्या नोंदी आजही वापरतात. डिसेंबर १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात संस्थेची लाइपझिगमधील इमारत नष्ट झाली. युद्धानंतर संस्थापकांच्या पणतूंनी, कार्ल फ्रीडरिख बेडेकर यांनी, १९४८ मध्ये मार्गदर्शिका काढणे पुन्हा सुरू केले.