लोखंडी नांगर आणि ताळेबंद

मित्रांनो, होस्टेलला राहायला आलो त्या दिवशी आपण सगळ्यांनी अनामत भरली. पावती बॅगेच्या कप्प्यात टाकली आणि विसरून गेलो. ती रक्कम कॉलेजच्या खात्यात जमा झाली हे खरे, पण ती कॉलेजची झाली का? नाही. शेवटच्या वर्षी ती आपल्याला परत द्यायची आहे. म्हणजे कॉलेजच्या हिशेबात ते उत्पन्न नाही, ते देणे आहे. आणि आपल्या हिशेबात ते येणे आहे. एवढी एक गोष्ट ज्याला नीट कळली, त्याला कंपनीचा ताळेबंद, म्हणजे बॅलन्स शीट, अर्धी कळली असे समजायला हरकत नाही.

पण आपण इंजिनिअरिंगची मुले. अकाउंट्स म्हटले की ते कॉमर्सवाल्यांचे काम म्हणून पान उलटतो. कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनीची उलाढाल पाठ करून जातो आणि कंपनीवर कर्ज किती, असे कुणी विचारले की छताकडे बघत बसतो. म्हणून या वेळी एका अशा माणसाचे चरित्र सांगायचे आहे, ज्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि कॉमर्सचीही नव्हती, पण कारखाना त्याने उभा करून दाखवला. हे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांच्या आयुष्याच्या एकेका वळणावर ताळेबंदातला एकेक शब्द उभा आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना, ओढ दोनच गोष्टींची: चित्रे आणि यंत्रे. चित्रकला शिकायला ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे लक्षात आले की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. रंग सुटले, पण यंत्रांचे ड्रॉइंग हातात राहिले. त्याच्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी मिळाली. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला ती दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात 1888 पासून भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचे दुकान होतेच. मुंबईहून लक्ष्मणरावांनी सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, असा धंदा. इथे पहिला शब्द शिकून घेऊ. सायकल विकून आलेली सगळी रक्कम म्हणजे विक्री किंवा उलाढाल. तीतून सायकलची खरेदी किंमत वजा केली की ढोबळ नफा. त्यातून दुकानाचे भाडे, पगार, वाहतूक, व्याज आणि कर वजा केले की उरतो तो निव्वळ नफा. हे सारे ज्या कागदावर मांडतात ते नफा-तोटा पत्रक. उलाढाल मोठी म्हणजे कंपनी मोठी, असे आपण समजतो. पण 100 रुपयांची वस्तू 102 रुपये खर्चून विकणाऱ्याचीही उलाढाल वाढतच असते, बरं का!

दुकानदारीवर लक्ष्मणरावांचे समाधान नव्हते. त्यांना स्वतःचे काही बनवायचे होते. आधी कडबा कापायचे यंत्र केले आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता. अडचण वेगळीच निघाली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला 2 वर्षे लागली.

या 2 वर्षांत हिशेबाच्या दृष्टीने काय होते ते बघा. आकडे मी समजुतीपुरते घेतो. समजा एका नांगराला 30 रुपये खर्च आला आणि 50 नांगर तयार करून ठेवले. लोखंडाचे, कोळशाचे, मजुरीचे मिळून 1,500 रुपये खिशातून गेले. पण नफा-तोटा पत्रकात हा खर्च अजून दिसतच नाही! कारण माल विकला गेलेला नाही. ते 1,500 रुपये ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मालसाठा, म्हणजे इन्व्हेंटरी, या नावाखाली बसतात. कागदावर तोटा नाही, मालमत्ता जशीच्या तशी, आणि शनिवारी कामगारांना द्यायला मात्र पैसे नाहीत. धंदे बुडतात ते पुष्कळदा इथेच.

म्हणून नियम असा आहे की मालसाठा त्याच्या खर्चाच्या किमतीला किंवा विकून जे खरोखर हाती येईल त्या किमतीला, यांतल्या कमी किमतीला दाखवायचा. तो नांगर कुणी घेणारच नसेल आणि भंगारात त्याचे 10 रुपये येणार असतील, तर 1,500 चे 500 करायचे आणि 1,000 रुपये तोटा म्हणून लिहायचा. लक्ष्मणरावांच्या नांगराची किंमत शेवटी शेतकऱ्याच्या विश्वासावर ठरणार होती. तो विश्वास हळूहळू मिळाला आणि नांगर चालू लागला.

पण विक्री झाली म्हणजे पैसे आले असेही नाही. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो सुगीनंतर. 40 रुपयांचा नांगर उधारीवर दिला की 10 रुपये नफा त्याच दिवशी पत्रकात दिसतो, रोकड मात्र शून्य. ही उधारी म्हणजे येणी, रिसिव्हेबल्स. आपल्या उद्यमनगरात कास्टिंग करणाऱ्या कुणालाही विचारा, माल देऊन 90 दिवस बिलाची वाट बघणे काय असते ते. कच्चा माल, तयार माल आणि उधारी यांत अडकणाऱ्या पैशातून पुरवठादारांची उधारी वजा केली की साधारणपणे जे उरते ते खेळते भांडवल. नफा आणि रोकड यांतला हा फरक दाखवण्यासाठीच वार्षिक अहवालात तिसरा कागद असतो, रोख प्रवाह पत्रक, म्हणजे कॅश फ्लो. तिन्हींत हा कागद आधी वाचावा असे माझे मत.

धंदा जरा मार्गी लागतो तोच बेळगावातली कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. शहर वाढत होते आणि जागा त्या विस्तारासाठी हवी होती. यंत्रे आहेत, माणसे आहेत, जागा नाही. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडलजवळचा 32 एकरांचा ओसाड माळ त्यांनी देऊ केला आणि 10,000 रुपये कर्ज दिले. 10 मार्च 1910 रोजी निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

आता हे 10,000 रुपये ताळेबंदात मांडून बघा. एका बाजूला रोकड 10,000 ने वाढली, दुसऱ्या बाजूला देणे 10,000 ने वाढले. लक्ष्मणराव एका रुपयानेही श्रीमंत झाले नाहीत. त्या रोकडीतून यंत्रे घेतली तर रोकड कमी होऊन यंत्रे वाढतात, बेरीज तीच. ताळेबंद दोनच प्रश्न विचारतो: पैसा कुणाचा आहे, आणि तो आत्ता कोणत्या रूपात आहे? पहिल्याचे उत्तर म्हणजे भांडवल आणि देणी, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे मालमत्ता. दोन्ही बाजू जुळतात त्या काही जादूने नव्हे, पैसा तोच म्हणून.

वाडीवर कारखाना चालू झाला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. लिमिटेड म्हणजे काय मर्यादित? भागधारकाची जबाबदारी. कंपनी बुडाली तर त्याने शेअरमध्ये घातलेले पैसे जातील, घरदार नाही. त्याच्या या पैशाला भागभांडवल म्हणतात. कर्जावर व्याज द्यावेच लागते. भागभांडवलावर लाभांश नफा झाला आणि देण्याचे ठरले तरच.

नफ्यातला जो भाग वाटला जात नाही तो राखीव निधी, रिझर्व्ह. नाव ऐकून तिजोरीतली रोकड वाटते, पण तसे नाही. तो पैसा केव्हाच लेथमध्ये आणि भट्टीत गेलेला असू शकतो. वाडीवर नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, 1926 च्या सुमारास पंप आले, ते असेच धंद्यात पुन्हा पैसा घालून.

आणि यंत्र घेतले की घसारा आलाच, म्हणजे डेप्रिसिएशन. आज आपल्या कंपनी कायद्यानुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे धरतात, लॅपटॉपचे 3 वर्षे. समजा 15 लाखांची लेथ घेतली. भंगाराची किंमत बाजूला ठेवली तर दरवर्षी 1 लाख रुपये खर्च म्हणून लिहायचे. त्या वर्षी खिशातून काही जात नाही, पण यंत्र झिजत असते. घसारा न धरता नफा दाखवणे म्हणजे बियाणे विकून पीक आले म्हणून सांगणे.

ताळेबंदात न दिसणारी एक गोष्ट राहिली. लक्ष्मणरावांनी जमवलेली माणसे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर वाडीवर कल्पक यंत्रज्ञ झाले, मंगेशराव रेगे यांनी कारकुनी आणि हिशेब सांभाळले. एकेकाळी दरोडे घालणाऱ्यांच्या हाती वाडीची राखण दिली. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. यांपैकी कशाचीच नोंद मालमत्तेच्या बाजूला होत नाही. पगार तेवढा खर्चात दिसतो. म्हणून ताळेबंद जरूर वाचावा, पण तेवढ्यावर कारखाना कळला असे मानू नये.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव गेले. वाडी आहे, पंपांचा कारखाना आहे. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना सांगली, भिलवडी मागे पडली की किर्लोस्करवाडी स्टेशन लागते.

तर मित्रांनो, पुढच्या कॅम्पसला जी कंपनी येईल तिचा वार्षिक अहवाल आधी डाऊनलोड करा. शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तो फुकट मिळतो. चार आकडे काढा: कर्ज किती, मालसाठा वाढतोय का, उधारी विक्रीपेक्षा वेगाने वाढतेय का, आणि नफ्याच्या मानाने रोकड आली का. नफा आहे पण रोकड नाही असे सलग काही वर्षे दिसले, तर न विकलेले ते नांगर आठवा आणि नोकरी स्वीकारण्याआधी दोन प्रश्न विचारा. उद्या तुमच्यातल्याच कुणी शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावला स्वतःचे शेड टाकले, तर हेच प्रश्न रोज रात्री स्वतःला विचारावे लागतील. तेव्हा शेजारी कॉमर्सवाला असेलच असे नाही!