पत्र्याला पंख देणारा प्राध्यापक

युंकर्स हे नाव मी प्रथम वाचले ते दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात. १९३९ साली पोलंडवर सूर मारून बॉम्ब टाकणारी ‘श्टुका’ विमाने युंकर्स कंपनीची. हा कोणी युद्धपिपासू कारखानदार असावा, असा माझा ग्रह झाला. पुढे त्यांचे चरित्र वाचले आणि माझी मलाच लाज वाटली.

ह्यूगो युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी जर्मनीत झाला. देसाऊ येथे त्यांचा पाणी तापवण्याच्या गॅस-बंबांचा कारखाना होता. १८९७ पासून ते आखेनच्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक होते. विमानाकडे वळले, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती!

त्या काळी विमान म्हणजे लाकडी सांगाडा, वर ताणलेले कापड आणि बाहेरून तारा. युंकर्स यांनी सगळे विमान धातूचे करायचे ठरवले. १२ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे ‘जे १’ उडाले. त्यावरचा पोलादी पत्रा जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा. तरीही विमान जड आणि वर चढण्यास मंद. लोकांनी त्याला ‘पत्र्याचे गाढव’ म्हटले.

मार्ग सापडला तो आल्फ्रेड विल्म यांनी शोधलेल्या ड्युरॅल्युमिनमध्ये. अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे ४ टक्के तांबे व किंचित मॅग्नेशियम. हा मिश्रधातू तापवून एकदम थंड केला, की प्रथम मऊ असतो. मग नुसता ठेवला तरी काही दिवसांत कडक होतो. वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश! युंकर्स यांनी त्याचे पन्हळी पत्रे वापरले. घरावरचा पन्हळी पत्रा जसा सहजी वाकत नाही, तसाच हाही.

पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी विमाने बनवली, हे खरे. पण २५ जून १९१९ रोजी उडालेले ‘एफ १३’ होते चार उतारूंसाठी. अशी तीनशेहून अधिक विमाने तयार झाली.

१९३३ साली नाझी सत्तेवर आले. त्यांनी युंकर्स यांच्याकडून पेटंटे व कंपनीचे भाग बळजबरीने घेतले, देसाऊतून हद्दपार केले, नजरकैदेत ठेवले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशीच, ते वारले. ‘श्टुका’ प्रथम उडाले ते त्यानंतर काही महिन्यांनी.

कारखाना गेला, हक्क गेले; नाव तेवढे त्या बॉम्बफेक्यांवर राहिले. आता ते नाव वाचले, की मला प्रथम ते चार उतारू आठवतात.