भोपाळचे शहजाद मसीह

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ती पाळून चालत नाही. त्याला मूळही शोधावे लागते आणि कूळही. आणि जे हाती लागेल त्यातील कथा कोणती व पुरावा कोणता, हे निवडून ठेवावे लागते. ज्या भोपाळात आपण राहतो त्याच शहरात अशा शोधाला आव्हान देणारे एक घराणे होऊन गेले. त्या घराण्यातील सर्वांत कर्तबगार पुरुष म्हणजे बाल्थाझार बूर्बाँ, अर्थात भोपाळ दरबारचे शहजाद मसीह.

या घराण्याची परंपरा मोठी अद्भुत आहे. फ्रान्सच्या राजवंशातील जाँ फिलिप द बूर्बाँ नावाचा एक तरुण इ. स. १५६० च्या सुमारास हिंदुस्थानात आला, अकबराच्या दरबारी राहिला आणि बादशहाच्या एका ख्रिस्ती राणीच्या बहिणीशी त्याचा विवाह झाला, असे हे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तो शार्ल द बूर्बाँ या विख्यात सरदाराचा पुत्र असावा, असाही तर्क पुढे करण्यात आला. हा शार्ल १५२७ साली रोमवरील हल्ल्यात मारला गेला. परंतु त्याच्यामागे त्याचे कोणतेही औरस अपत्य जिवंत नव्हते, असे इतिहास सांगतो. अकबराच्या दरबारी इतिहासकारांनीही अशा ख्रिस्ती राणीची नोंद केलेली नाही. तेव्हा राजवंशाची ही गोष्ट कुटुंबाची श्रद्धा म्हणून आदराने ऐकावी. सिद्ध इतिहास म्हणून ती स्वीकारता येत नाही.

कुटुंबाच्या आठवणीप्रमाणे या मंडळींना नरवरजवळच्या शेरगढची जहागीर मिळाली आणि तेथे त्यांच्या अनेक पिढ्या नांदल्या. मोगल सत्तेला उतरती कळा लागली तसा या घराण्याचा आधारही तुटत गेला. १७३९ साली नादिरशहाने दिल्ली लुटली. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १७७८ मध्ये, नरवरच्या राजाने शेरगढावर घाला घातला आणि कुटुंबातील बहुतेकांची कत्तल झाली. जे थोडे वाचले ते साल्वादोर बूर्बाँसह ग्वाल्हेरच्या आश्रयाला गेले. १७८० साली कॅप्टन पोफॅमने ग्वाल्हेरचा किल्ला जिंकला. त्यानंतर काही वर्षांनी साल्वादोरने भोपाळची वाट धरली.

त्या काळी भोपाळच्या कारभारावर माजी ममोला या थोर स्त्रीचा प्रभाव होता. नवाब यार मुहंमद खानाची ही पत्नी जन्माने हिंदू. पतीच्या पश्चात तिने अनेक वर्षे राज्य सांभाळले. अशा उदार दरबारात परक्या धर्माच्या, परक्या कुळाच्या सैनिकालाही जागा मिळाली. साल्वादोर ‘इनायत मसीह’ झाला आणि त्याचा मुलगा बाल्थाझार ‘शहजाद मसीह’. नावाचा पूर्वार्ध दरबारी फारसी वळणाचा आणि उत्तरार्ध ख्रिस्ताचे स्मरण देणारा. या एका नावातच त्या कुटुंबाचे सारे जीवन आले. वेष, भाषा आणि रीतिरिवाज या भूमीचे. धर्म मात्र पूर्वजांचा.

शहजाद मसीह वयात आले तेव्हा भोपाळवर संकटांमागून संकटे कोसळत होती. १८१२ साली ग्वाल्हेरचे दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. वेढा अनेक महिने चालला. शहरात अन्नाची टंचाई झाली. वजीर मुहंमद खानाने मूठभर शिबंदीनिशी तट राखला. नगरातील स्त्रियांनीही संरक्षणाच्या कामात हात दिला. अखेर १८१३ साली वेढा उठला आणि भोपाळ वाचले. वजीर मुहंमदाच्या पदरी असलेल्या सेनाधिकाऱ्यांत हे बूर्बाँ घराणेही होते.

येथे आपल्यासारख्या मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. वेढा घालणाऱ्या फौजा आपल्या होत्या. आपल्यापैकी कोणाचे पूर्वज ग्वाल्हेर वा नागपूरच्या लष्करात असतील, तर कदाचित तेही या तटाबाहेर उभे असतील. आज त्यांचेच वंशज याच शहराला आपले घर म्हणतात. इतिहास वाचताना केवळ स्वपक्षाच्या पराक्रमाने छाती फुगवावी आणि तटाच्या आत उपाशी राहून लढलेल्यांना विसरावे, हे न्यायाचे नव्हे. शिवाय परदेशी वंशाचे सेनानी एकट्या भोपाळच्याच पदरी होते असेही नाही. द ब्वान्य, पेराँ आणि फिलोज घराणे यांनी शिंद्यांची चाकरी केलीच होती.

१८१६ मध्ये वजीर मुहंमद वारला आणि त्याचा मुलगा नजर मुहंमद गादीवर आला. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी इंग्रज फौजा माळव्यात उतरल्या होत्या. दोन मोठ्या मराठी सत्तांच्या मध्ये सापडलेल्या लहानशा राज्याला टिकून राहायचे होते. २६ फेब्रुवारी १८१८ रोजी रायसेन येथे ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. कंपनीच्या वतीने कॅप्टन जोसाया स्टुअर्ट होता; नवाबाच्या वतीने पूर्ण अधिकार घेऊन बसलेले दोघे म्हणजे बक्षी करम मुहंमद आणि शहजाद मसीह. या तहान्वये भोपाळने ६०० घोडेस्वार आणि ४०० पायदळ कंपनीच्या मदतीस द्यावयाचे ठरले. राज्य वाचले, पण त्याचे मोल स्वातंत्र्याच्या रूपाने द्यावे लागले, हेही विसरता येणार नाही.

पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, पिस्तुलाची गोळी लागून नजर मुहंमदाचा अपघाती अंत झाला. मागे उरली ती तरुण पत्नी कुदसिया बेगम आणि तान्ही मुलगी सिकंदर. स्त्रीने राज्य करावे की नाही, हा मोठाच प्रश्न होता. अशा वेळी कुदसिया बेगम धैर्याने पुढे झाली आणि मुलीच्या नावाने कारभार पाहू लागली. तिच्या प्रमुख सल्लागारांत शहजाद मसीह होते. अनेक दशके चाललेल्या भोपाळच्या बेगमांच्या राजवटीचा पाया घातला जात असताना हा ख्रिस्ती सेनानी तिच्या पाठीशी उभा होता. १८३० च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यांची पत्नी इझाबेला जॉन्स्टन ही भोपाळात ‘दुल्हन सरकार’ म्हणून ओळखली जाई. वैधव्यात तिने घर आणि जहागीर सांभाळली. मुलगा सेबॅस्टियन ‘मेहरबान मसीह’ या नावाने वाढला. लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी भोपाळला आला, तेव्हा आपल्या देशाच्या राजवंशाचे नाव सांगणारी ही दुल्हन सरकार येथे भेटल्याने तो थक्क झाला. जहांगीराबादेतील कॅथलिक चर्चशी या कुटुंबाचे नाव आजही जोडले जाते.

या घराण्याची हकीकत आपल्यापर्यंत पोहोचली ती अनेकांच्या लेखणीतून. सर जॉन माल्कमने शहजाद मसीहांची प्रत्यक्ष ओळख करून घेऊन १८२३ च्या आपल्या माळव्यावरील ग्रंथात त्यांच्या योग्यतेची व शौर्याची नोंद केली. १८८७ साली कर्नल किंकेड याने या घराण्यावर लेख लिहिला. ग्रीसचे राजपुत्र मायकल यांनी २००७ मध्ये त्यावर कादंबरी लिहिली आणि जगाचे लक्ष पुन्हा भोपाळकडे वळले. कादंबरीने कुतूहल जागे केले; पण ग्रंथातील नोंद, तहनामा आणि कादंबरी यांचे वजन सारखे नसते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

फ्रान्सच्या राजमुकुटाशी या घराण्याचे नाते आहे काय, याचा निवाडा कागदपत्रे देत नाहीत. परंतु कत्तलीतून वाचलेल्या एका निर्वासित कुटुंबातील मुलाने, ज्या नगराने आसरा दिला त्या नगराची पडत्या काळात साथ सोडली नाही, याला रायसेनचा तहनामा साक्ष आहे. कर्णाची थोरवी तो कोणाचा पुत्र होता हे कळण्यापूर्वीच सिद्ध झालेली होती. शहजाद मसीहांचे कूळ धुक्यात राहिले, तरी त्यांचे इमान लख्ख उजेडात आहे. आपल्या घरातील जुनी पत्रे, सनदा आणि आजीआजोबांच्या आठवणी चाळताना आपणही हीच कसोटी लावावी. पूर्वज कोठून आले हे जरूर शोधावे. आणि ते जेथे आले तेथे त्यांनी काय केले, हे त्याहून अधिक आस्थेने शोधावे.