महदंबा

तेराव्या शतकात युरोपातील ख्रिस्ती जोगिणी मठांत राहून ग्रंथ लिहीत होत्या. त्याच काळात महाराष्ट्रात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला. त्यांचा विटाळही मानला नाही. अकाली वैधव्य आलेल्या महदंबेला, म्हणजेच महदाइसेला, येथे मानाचे स्थान मिळाले. ती मुकाट्याने ऐकणारी शिष्या नव्हती. तिच्या प्रश्नांमुळेच स्वामींचे पुष्कळसे निरूपण ‘लीळाचरित्रा’त आले. पुढे ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना विवाहाची लहर आली, तेव्हा तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गीते तेथल्या तेथे रचून गायिली. तेच ‘धवळे’. त्यांच्यामुळे ती आद्य मराठी कवयित्री ठरली. पंथातील लेखन संस्कृतात होऊ लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास विरोध केला. तसे झाले असते, तर पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या.